पेठ कोणाच्या भरंवशावर?

सोनिवलीच्या एका वाचक-भगिनींचें पत्र या सदरासाठीं आलें आहे. पत्र लहान, पण त्यांतील प्रश्न लहान नाहीं. ओळखीच्या दहाबारा मंडळींनीं मिळून बदलापूर स्टेशनाजवळच्या पेठेसाठीं दर रविवारीं चार तास द्यावे, असा त्यांचा बेत आहे. कोणी भिंती रंगवूं म्हणतो, कोणी झाडलोट करूं म्हणतो, कोणी दिवाळींत रोषणाई करूं म्हणतो. घरांतील वडीलधाऱ्यांचा सवाल मात्र असा कीं, दुकानदारांचा गल्ला भरावा म्हणून आपल्या लेकीसुनांनीं कां राबावें? या उद्योगांत कांहीं अर्थ आहे किंवा नाहीं, तें स्पष्ट लिहावें, अशी या भगिनींची विनंति आहे.

वडीलधाऱ्यांचा सवाल उडवून लावण्याजोगा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ती पेठ नीट पाहिली पाहिजे.

बदलापूर हें नांव घोडे बदलण्याच्या टप्प्यावरून पडलें, असें सांगतात. व्युत्पत्ति खरी असो वा नसो, आजहि तें बदलण्याचेंच ठिकाण आहे. माणूस आगगाडींतून उतरतो आणि रिक्षांत बसतो. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसापासून हें स्टेशन ६८ किलोमीटरांवर आहे. सकाळीं जो निघाला तो दिवेलागणीनंतरच परततो. लोहमार्गानें गांवाचे दोन भाग केले आहेत. पूर्वेस कुळगांव, पश्चिमेस जुनें बदलापूर. २००१ च्या शिरगणतींत नगरपरिषदेच्या हद्दींतील वस्ती लाखाच्या आंत होती. २०११ च्या शिरगणतींत ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. एवढ्या वस्तीनें पेठ कशी बहरून जावी! गर्दी झाली हें खरें. पण गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. दमूनभागून बाहेर पडणाऱ्याचें लक्ष रिक्षाच्या रांगेकडे असतें. भाजीची जुडी आणि दुधाची पिशवी घेण्यापुरता तो थांबतो. साडी दादरला, खाटपलंग उल्हासनगरला, आणि राहिलेलें सारें मोबाईलवर बोट टेकवून घरपोंच.

दुकानांना टाळीं लागलेलीं नसतांनाहि पेठ दुबळी होऊं शकते, ती अशी. भाजी, औषधें, वडापाव आणि मोबाईल एवढेंच तींत टिकतें. घड्याळ दुरुस्त करणारा, चांगला शिंपी, पुस्तकांचा दुकानदार, छत्रीची काडी बसवून देणारा कारागीर, हे एकेक करून उठतात. ज्याला रोज मुंबई गांठावयाची आहे त्याचें यांत फारसें अडत नाहीं. अडतें तें गुडघे दुखणाऱ्या आजोबांचें, शाळकरी मुलांचें, आणि दिवसभर गांवांत असणाऱ्या गृहिणीचें. तेव्हां प्रश्न दुकानदारांच्या गल्ल्यापुरता नाहीं. गांव हें राहण्याचें ठिकाण व्हावयाचें कीं नुसतें निजण्याचें, हा तो प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, पेठ ही काय मंडळें काढून वाढते? उल्हासनगर पाहा ना! दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगराची कोनशिला बसली. भांडवल नाहीं, ओळख नाहीं, भाषा परकी. तरी त्या लोकांनीं कापडाच्या आणि लांकूडसामानाच्या अशा पेठा उभ्या केल्या कीं, आज आसपासचीं गांवें लग्नसराईंत तिकडेच धांवतात. तें काम पोटाच्या निकडीनें झालें, रविवारच्या चार तासांनीं नव्हे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. व्यापार व्यापाऱ्यानेंच वाढवावा. परंतु त्याच उल्हासनगरांत पायीं चालून पाहावें. दुकानाच्या आंत जें आहे तें मालकाचें, म्हणून तें राखलें जातें. दुकानाबाहेरची पाऊलवाट, गटार, सांवली, उभें राहण्याची जागा, हीं सर्वांचीं, म्हणून कोणाचींच नव्हत. प्रत्येक दुकानदार हातभर पुढें सरकतो. कारण शेजारी सरकला आहे. यांत कोणी एकटा दुष्ट नसतो, आणि एकट्यानें मागें सरून कोणाचें भलेंहि होत नाहीं. स्वयंसेवकाचें काम आहे तें येथें.

मुंबईंतील दादाभाई नौरोजी रस्त्यावर हें घडलेलें आहे. कोटाची तटबंदी १८६० नंतरच्या वर्षांत पाडली गेली आणि जुना हॉर्नबी रस्ता रुंद झाला. दोहों बाजूंच्या इमारतींच्या तळाशीं कमानींच्या ओळी ठेवल्या, कीं पादचाऱ्याला ऊनपाऊस लागूं नये. पुढें या कमानींवर पाट्या चढल्या. एकाची मोठी म्हणून दुसऱ्याची त्याहून मोठी, आणि शेवटीं कमान कोठें आहे हेंच दिसेना. वारसा-इमारतींसंबंधींचे नियम १९९५ सालीं आले. पण नियम कागदावर आणि पाटी भिंतीवर! १९९८ च्या सुमारास वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनीं या रस्त्यासाठीं पाटी कोठें असावी, केवढी असावी, याचा आराखडा केला. मग दुकानदारांचीं आणि कचेऱ्यांचीं मनें वळविण्याचें काम सुरू झालें, आणि तेथल्या मंडळींनीं आपली संस्थाहि काढली. युनेस्कोनें पुढें या कामाची दखल घेतली. आम्हांस यांतली विशेष मौज वाटते ती अशी. पाटी लहान कर, असें एकाला सांगितलें तर तो शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. सर्वांच्या पाट्या एकदम लहान झाल्या म्हणजे कोणाचेंच गिऱ्हाईक तुटत नाहीं, आणि प्रत्येकाची पाटी पूर्वींपेक्षां चांगली वाचतां येते. असें सर्वांना एकदम सांगणारा मनुष्य दुकानदारांपैकीं असून चालत नाहीं. त्याच्यावर हेतूचा संशय येतो. ज्याला कांहीं विकावयाचें नाहीं, असा गांवांतलाच कोणी लागतो.

आतां रोषणाईचें. डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानानें १९९९ च्या गुढीपाडव्यास नववर्ष स्वागतयात्रा काढली, आणि तिचें अनुकरण ठाणें, गिरगांव करीत करीत महाराष्ट्रभर झालें. त्याच डोंबिवलीचा फडके रस्ता दिवाळीच्या पहांटे तरुण मंडळींनीं फुलून जातो. एक दिवस तरी रस्ता वाहनांचा नसून माणसांचा आहे, हें डोळ्यांना दिसतें, हा लाभ थोडा नव्हे. पुणें महापालिकेनें ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन पाळला, तोहि अशाच हेतूनें. पण दुसऱ्या दिवशीं रस्त्यावर काय राहतें, हें उत्सव करणाऱ्यांनीं आधीं ठरवावें. मुंबईंतील काळा घोडा असोसिएशनची स्थापना १९९८ सालची; तिचा कलामहोत्सव १९९९ पासून भरतो, आणि महोत्सवांतून उभा राहिलेला पैसा त्या भागांतील जुन्या वास्तूंच्या जपणुकीकडे वळतो. (ज्या पुतळ्यावरून तें नांव पडलें तो १९६५ सालींच तेथून हलविला होता; २०१७ सालीं स्वाराशिवायचा नवा घोडा तेथें उभा राहीपर्यंत लोक नसलेल्या घोड्याच्या नांवानें पत्ता सांगत होते.) दिवाळींतील दिव्यांच्या माळा उतरवून पेटींत ठेवल्यावर पेठेंत एखादें बांकडें, एखादी पाणपोई तरी मागें राहिली तर ती रोषणाई सार्थकीं लागली.

भिंती रंगविण्याविषयीं आम्ही फार लिहीत नाहीं. एका पावसाळ्यांत रंग उडतो. झाडलोटीस मात्र आमचा विरोध आहे. नगरपरिषदेला आपण कर भरतों. तिचें काम फुकट करून देणें म्हणजे तिला सूट देणें होय.

स्वयंसेवेचा खरा शत्रु कंटाळा. उल्हास नदीला २७ जुलै २०१९ रोजीं पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यांत अडकली, तेव्हां जवळचे गांवकरी मदतीस धांवले; कोणी बोलावूं गेलें नव्हतें. संकटांत आपल्याकडे हात कमी पडत नाहींत. परंतु पेठेचें दुखणें पुरासारखें नसून क्षयासारखें आहे. त्याला रोज थोडें पथ्य लागतें, वर्षानुवर्षें लागतें, आणि तेथें आपला उत्साह तिसऱ्या रविवारीं ओसरतो.

या बाबतींत अमेरिकेंतला एक प्रयोग लक्षांत घेण्याजोगा आहे. तेथें मोठे रस्ते गांवांबाहेरून गेले, त्यांच्या कडेला वाहनतळांसह प्रचंड बाजार झाले, आणि लहान शहरांतील जुन्या पेठा ओस पडल्या. तेव्हां तेथील जुन्या वास्तूंचें रक्षण करणाऱ्या राष्ट्रीय न्यासानें १९७७ सालीं गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज अशीं तीन लहान गांवें निवडून काम आरंभिलें. त्या अनुभवावरून १९८० मध्यें ‘मेन स्ट्रीट’ या नांवाची कायमची योजना निघाली व ती शेंकडों गांवीं पसरली. संघटना, प्रसिद्धि, रूप आणि अर्थकारण अशा चार बाजूंनीं ते काम करतात. समित्यांवर माणसें बिनपगारी असतात. पण प्रत्येक पेठेला पूर्ण वेळेचा एक पगारी चिटणीस हवाच, हा पहिल्या तीन गांवांतला मोठा धडा ठरला. दुकानदाराला भेटणें, नगरपरिषदेच्या पायऱ्या चढणें, गाळा रिकामा झाला तर योग्य भाडेकरू शोधणें, हें रविवारचें काम नव्हे. फुकटचीं कामें नीट चालावयाचीं तर मध्यें एक तरी माणूस पगारी लागतो, हें आमच्या वाचनालयांच्या चालकांना विचारलें तरी कळेल.

आणि हा पगार कोणी द्यावा? दुकानदारांनीं. वडीलधाऱ्यांच्या सवालाला आमचें उत्तर हेंच आहे. गांवकऱ्यांनीं वेळ द्यावा, व्यापाऱ्यांनीं पैसा द्यावा. जे दुकानदार वर्गणी काढून एक माणूस ठेवावयास तयार नाहींत, त्यांच्यासाठीं सुनांनीं राबूं नये, हें अगदीं बरोबर आहे.

फेरीवाल्यांना वगळून ही बोलणीं करूं नयेत. आमच्या वाचकवर्गाला फेरीवाला डोळ्यांत सलतो. कोथिंबीर मात्र त्याच्याचकडून हवी असते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानें प्रत्येक शहरांत समिति नेमावयास सांगितली आहे. तींत निदान चाळीस टक्के जागा स्वतः विक्रेत्यांच्या, त्यांतील तिसरा हिस्सा स्त्रियांचा. आणि निदान दहा टक्के जागा सेवाभावी व स्थानिक संस्थांसाठीं. ज्यांना रविवार द्यावयाचा आहे त्यांनीं या समितीची चौकशी करावी. पाऊलवाट कोणाची, हा वाद तेथें कायद्यानें मिटवितां येतो. रस्त्यावर तो हमरीतुमरीनें मिटत नाहीं.

आतां एक गोष्ट घरांतली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालीं निघाली. शेजारच्या घरांनीं संघ करावा, महिन्याच्या वाणसामानाची मागणी एकत्र द्यावी, माल आला कीं एकाच्या घरीं मोजून वांटून घ्यावा, ही तिची पद्धति. भेसळ आणि वाढीव भाव यांना गृहिणींनीं दिलेलें तें चोख उत्तर होतें, आणि त्याविषयीं आम्हांस आदरच आहे. तरी त्या प्रत्येक पिशवीबरोबर गल्लींतल्या वाण्याचा थोडा धंदा गेला, हेंहि खरें. त्याचा दोष गृहिणींवर नाहीं. वाण्यानें तो ओढवून घेतला. पण पंधरावीस घरें एकविचारानें वागलीं तर पैशाची वाट बदलते, हें त्यांतून सिद्ध झालें. जी शक्ति पेठेवरून पैसा वळवूं शकते, ती पेठेकडेहि वळवूं शकेल.

म्हणून या भगिनींना आमची सूचना अशी. ब्रश आणि केरसुणी तूर्त बाजूला ठेवा आणि घरोघरची जमाखर्चाची वही घ्या. पंधरावीस घरें मिळवा. त्यांत पूर्वेचीं असावींत, पश्चिमेचीं असावींत, सोनिवलीचींहि असावींत. एक महिनाभर प्रत्येक खरेदी चार रकान्यांत मांडा: वस्तु, किंमत, कोठून घेतली, आणि गांवांत कां घेतली नाहीं. चौथा रकाना प्रामाणिकपणें भरावा. दुकान लवकर बंद होतें म्हणून, मापाची मिळत नाहीं म्हणून, घेतलेली वस्तु बदलून देत नाहींत म्हणून, मुलाला कडेवर घेऊन उभें राहायला जागा नाहीं म्हणून, जें खरें असेल तें. मग घरांचीं नांवें न घालतां बेरीज करावी आणि ती घेऊन दुकानदारांकडे जावें. आपल्या दारावरून दरमहा किती रुपये दादरला व मोबाईलच्या बाजारांत जातात, तो आंकडा पाहिल्यावर पगारी चिटणिसाची गोष्ट काढणें सोपें जाईल. वहीसाठीं दिवाळीचा महिना मात्र धरूं नये. त्या महिन्यांत साऱ्याच घरांचा खर्च वेडावांकडा असतो. मार्गशीर्ष किंवा पौष बरा.