विश्लेषण : ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपली, पण तिच्या गावांतील गर्दी का ओसरत नाही?

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा भाग १९ मे २०१९ रोजी प्रसारित झाला. आठ पर्वे आणि ७३ भागांच्या या मालिकेचे राज्य पूर्णपणे काल्पनिक होते. पण त्या राज्यातील राजधानी, बंदरे, किल्ले आणि रस्ते मात्र खरे होते. क्रोएशिया, उत्तर आयर्लंड, आइसलँड, स्पेन, माल्टा आणि मोरोक्कोतील ही ठिकाणे पाहण्यासाठी आजही जगभरातून पर्यटक जातात. पडद्यावरील प्रसिद्धीने या गावांना पैसा दिला, तशी डोकेदुखीही दिली. कुठे रहिवासी घर सोडून गेले, तर कुठे दोनशे वर्षांच्या झाडांच्या मुळांवर गाड्या उभ्या राहिल्या. या पर्यटनाचे गणित नेमके काय आहे, याचा हा आढावा.

कोणते ठिकाण कोणत्या रूपात दिसले?

मालिकेचा मुख्य मुक्काम उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट येथे होता. टायटॅनिक जहाज जिथे बांधले गेले, त्याच गोदी परिसरातील स्टुडिओत आतील दृश्यांचे सेट उभारले गेले. जवळच्या कॅसल वॉर्ड या जुन्या जमीनदारी वाड्याचे आवार ‘विंटरफेल’ झाले, तर बॅलिंटॉय हे छोटे मच्छीमार बंदर ‘आयर्न आयलंड्स’ म्हणून दिसले. राजधानी ‘किंग्ज लँडिंग’साठी पहिल्या पर्वात माल्टातील मदिना शहराचे प्रवेशद्वार वापरले गेले. दुसऱ्या पर्वापासून मात्र क्रोएशियातील डुब्रोवनिक ही राजधानी झाली. तेथील लोव्रिएनाक किल्ला म्हणजे राजवाड्याचा परिसर आणि समोरचे लोकरुम बेट म्हणजे ‘कार्थ’ नगरी. त्याच देशातील स्प्लिट शहरात रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याची तळघरे आहेत. मालिकेतील ड्रॅगन तिथेच साखळदंडात होते. स्पेनमध्ये सेव्हिलचा अल्काझार राजवाडा ‘डॉर्न’ झाला आणि ओसुना या लहान गावातील बैलझुंजीचे मैदान आखाडा झाले. बर्फाच्छादित उत्तरेसाठी आइसलँडच्या हिमनद्या होत्याच.

पर्यटक तिथे जाऊन नेमके काय पाहतात?

पडद्यावर दिसलेले बरेचसे संगणकावर रंगवलेले असते. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील सान हुआन दे गास्तेलुगाचे हे ‘ड्रॅगनस्टोन’चे ठिकाण, पण २४१ पायऱ्या चढून गेल्यावर भव्य किल्ला नव्हे, तर एक छोटेसे प्रार्थनास्थळ दिसते. तरीही चाहते जातात, कारण त्यांना इमारत नव्हे तर प्रसंग पाहायचा असतो. डुब्रोवनिकमधील जेझुइट पायऱ्या हे याचे ठळक उदाहरण. अठराव्या शतकातील या बरोक शैलीच्या पायऱ्यांवरून पाचव्या पर्वात राणी सेर्सीची धिंड निघाली. त्याआधी चर्चकडे जाणारी ती एक देखणी वाट होती. आता तिथे दिवसभर गटागटाने पर्यटक तोच प्रसंग करून पाहतात, मोठमोठ्याने ओरडतात, चित्रफिती काढतात. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांच्या खिडक्या याच पायऱ्यांकडे उघडतात. लोकरुम बेटावरील जुन्या मठात मालिकेतील लोखंडी सिंहासनाची प्रतिकृती ठेवली आहे. तिच्यावर बसून छायाचित्र काढण्यासाठीही रांग लागते.

मालिकेमुळे पर्यटन खरेच किती वाढले?

उत्तर आयर्लंडच्या पर्यटन यंत्रणेच्या २०१८ च्या अंदाजानुसार, त्या वर्षी सुमारे साडेतीन लाख पर्यटक या मालिकेच्या ओढीने आले आणि त्यांनी सुमारे पाच कोटी पौंड खर्च केले. फिरण्यासाठी बाहेरून येणाऱ्या दर सहा पर्यटकांमागे एक मालिकेचा चाहता होता. काही दशके बॉम्बस्फोट आणि धार्मिक हिंसाचारासाठीच बातम्यांत राहिलेल्या प्रदेशासाठी ही नवी ओळख मोलाची होती.

डुब्रोवनिकचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. क्रोएशियातील अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालिका नसती तर काय झाले असते, याचा सांख्यिकी अंदाज बांधला. त्यानुसार मालिकेमुळे शहरात महिन्याला सुमारे पाच हजार, म्हणजे वर्षाला सुमारे ५९ हजार जादा मुक्काम पडले. आकडा मोठा वाटतो. पण २०१९ मध्ये शहरातील एकूण मुक्कामांची संख्या ४० लाखांहून अधिक होती. त्या मानाने मालिकेचा वाटा शंभरात एक-दोन इतकाच येतो. अर्थात मुक्कामाच्या आकड्यात सकाळी जहाजातून उतरून संध्याकाळी परत जाणारे प्रवासी मोजले जात नाहीत, आणि मालिकेच्या जागा दाखवणाऱ्या दोन तासांच्या फेरफटक्यांत त्यांचीही संख्या बरीच असते. म्हणजे गर्दीचे मूळ कारण मालिका नव्हे. प्रचंड क्रूझ जहाजे आणि स्वस्त विमानसेवेमुळे आधीच वाढलेल्या गर्दीला मालिकेने एक ठरावीक वाट आणि ठरावीक पायऱ्या दाखवून दिल्या.

डुब्रोवनिकच्या रहिवाशांचे काय झाले?

डुब्रोवनिकच्या तटबंदीची लांबी दोन किलोमीटरपेक्षाही थोडी कमी आहे. १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या या शहरावर १९९१ मध्ये युगोस्लाव्ह सैन्याने तोफा डागल्या. त्या वर्षी ते धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत गेले. घरांची छपरे पुन्हा शाकारून, दगड पुन्हा बसवून १९९८ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आले. तोफांना पुरून उरलेले हे शहर पर्यटकांपुढे मात्र रिकामे होत गेले. युद्धाआधी तटबंदीच्या आत सुमारे पाच हजार लोक राहत होते. आता ही संख्या दीड हजारांच्या आत आली आहे.

यामागे साधे अर्थकारण आहे. घर कुटुंबाला वर्षभर भाड्याने देण्यापेक्षा उन्हाळ्याचे काही महिने पर्यटकांना देणे अधिक फायद्याचे ठरते. रहिवासी कमी झाले की किराणा दुकानाच्या जागी स्मृतिचिन्हांचे दुकान येते. मग उरलेल्यांनाही साध्या सामानासाठी तटबंदीबाहेर जावे लागते आणि तेही शहर सोडण्याचा विचार करू लागतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर एकाच दिवशी दहा हजारांहून अधिक पर्यटकांनी तटबंदीवर चढण्याचे तिकीट काढले. त्याच सुमारास जुन्या शहरात एका वेळी आठ हजारांपेक्षा जास्त पर्यटक नसावेत, अशी शिफारस युनेस्कोच्या तज्ज्ञांनी केली.

झाडे आणि दऱ्यांवर काय परिणाम झाला?

उत्तर आयर्लंडमधील ‘डार्क हेजेस’ ही बीच वृक्षांची रांग अठराव्या शतकात एका जमीनदार कुटुंबाने आपल्या वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लावली. मूळची सुमारे दीडशे झाडे आता जेमतेम निम्मी उरली आहेत. मालिकेत दुसऱ्या पर्वात हा रस्ता ‘किंग्ज रोड’ म्हणून अगदी थोडा वेळ दिसतो. तेवढ्यावर या अरुंद ग्रामीण रस्त्यावर बसगाड्यांची रीघ लागली. वाहनांच्या वजनाने मुळांभोवतीची माती दबली जाते आणि मुळांपर्यंत पाणी व हवा नीट पोहोचत नाही. अखेर २०१७ मध्ये या पट्ट्यात वाहनांना बंदी घालण्यात आली. बीच वृक्षाचे आयुष्यच साधारण दोन-अडीचशे वर्षांचे असते, त्यामुळे वादळात झाडे पडण्याचा दोष केवळ पर्यटकांना देता येत नाही. मात्र खालून माणसे जात असल्यामुळे धोकादायक झाडे उभी ठेवणेही शक्य नसते. अशी काही झाडे तोडावी लागली.

आइसलँडमधील फ्यादरारग्ल्यूफूर ही दरी मालिकेच्या शेवटच्या पर्वात दिसली. त्याआधी २०१५ मध्ये गायक जस्टिन बिबरच्या चित्रफितीने ती जगभर पोहोचली होती. पायवाट सोडून फिरणाऱ्यांमुळे तेथील नाजूक शेवाळ तुडवले जाऊ लागले आणि २०१९ मध्ये ही दरी काही महिने बंद ठेवावी लागली. माल्टात तर हानी चित्रीकरणाच्या वेळीच झाली. पहिल्या पर्वासाठी द्वेय्रा या संरक्षित किनाऱ्यावर कंत्राटदाराने वाळू पसरली आणि खडकावरील जीवसृष्टीला धक्का बसला. याच किनाऱ्यावरील ‘अझुर विंडो’ ही दगडी कमान मालिकेतील विवाहसोहळ्यात दिसली होती. मार्च २०१७ मधील वादळात ती समुद्रात कोसळली. ती जागा आता फक्त पडद्यावरच पाहता येते.

गर्दी आवरण्याचे कोणते उपाय पुढे आले?

डुब्रोवनिकने २०१९ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी करार करून एका वेळी दोनच जहाजे आणि कमाल चार हजार प्रवासी अशी मर्यादा घातली. रस्त्यावरील विक्रीचे ठेले आणि उपाहारगृहांची बाहेरची टेबले कमी करण्यात आली. जुन्या शहरात पर्यटकांना घरे भाड्याने देण्याचे नवे परवाने थांबवण्याचे पाऊलही उचलले गेले. तटबंदीचे तिकीट आता ४० युरोंच्या घरात आहे. गास्तेलुगाचे येथे गर्दीच्या काळात ऑनलाइन आरक्षणाशिवाय जाता येत नाही. तिकीट मोफत असते, पण वेळ ठरलेली असते.

उत्तर आयर्लंडने वेगळा मार्ग निवडला. चाहत्यांना निसर्गाऐवजी त्यासाठीच बांधलेल्या जागी वळवण्याचा. बॅनब्रिज येथील स्टुडिओत फेब्रुवारी २०२२ मध्ये मालिकेचे मूळ सेट, पोशाख आणि शस्त्रांचे कायमस्वरूपी प्रदर्शन सुरू झाले. २०१६ च्या वादळात पडलेल्या ‘डार्क हेजेस’च्या लाकडापासून दहा कोरीव दरवाजे बनवून ते ठिकठिकाणच्या पबमध्ये बसवण्यात आले. त्यामुळे एका रस्त्यावर एकवटलेले पर्यटक दहा गावांत विभागले जातात आणि पैसाही. न्यूझीलंडमध्ये मटामटाजवळील ‘हॉबिटन’ याच तत्त्वावर चालते. ते खासगी शेतावर आहे आणि तिथे मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो. अडचण अशी, की तिकीट खिडकी आणि फाटक असलेल्या जागेला मर्यादा घालता येते. लोक राहत असलेल्या गल्लीला फाटक लावता येत नाही.

भारतातून जाणाऱ्यांनी काय ध्यानात ठेवावे?

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आला. त्यामुळे भारतीय पर्यटकांना आता एकाच शेंगेन व्हिसावर क्रोएशिया, स्पेन, माल्टा आणि आइसलँड पाहता येते. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असल्याने तिथे मात्र हा व्हिसा चालत नाही. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत निघणाऱ्यांची एक सोय म्हणजे जुलै-ऑगस्टमधील सर्वाधिक गर्दी टळते. क्रूझचे प्रवासी साधारण सकाळी उतरतात आणि संध्याकाळपूर्वी परततात. म्हणून डुब्रोवनिकमध्ये एक रात्र तरी मुक्काम केला, तर पहाटे आणि रात्री जुने शहर बरेच मोकळे मिळते. मुक्काम करणाऱ्याचा पैसाही दिवसभरासाठी येणाऱ्यापेक्षा गावात अधिक उतरतो. 

मालिका संपल्यावर गर्दी आपोआप ओसरेल, हा अंदाज खरा ठरला नाही. मालिका स्ट्रीमिंगवर कायम उपलब्ध असते, नवे प्रेक्षक मिळतच राहतात. शिवाय ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या पूर्वकथेने २०२२ पासून स्पेनमधील कासेरेस आणि पोर्तुगालमधील मोन्सांतो ही नवी नावे यादीत घातली. मोन्सांतो हे प्रचंड शिळांच्या आधाराने घरे बांधलेले छोटे गाव. डुब्रोवनिकला मर्यादा ठरवायला काही वर्षे लागली, तोवर बरेच रहिवासी गेले होते. नव्या गावांनी तो धडा आधीच घेतला, तर पर्यटक निघून गेल्यावर संध्याकाळी दिवा लावायला तिथे कुणीतरी उरेल.