शय्याव्रण नाकावरही होतो

गेल्या पावसाळ्यात माझी शामाय चार दिवस हॉस्पिटलात होती. हरमलच्या घरात तिचं सगळं आयुष्य चुलीच्या धुरात गेलेलं. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलं आणि बायपॅप लावला, म्हणजे नाक-तोंड झाकणारा मास्क आणि त्यातून दाबाने येणारी हवा. कडेने हवा सुटली की मशीन वाजायचं, आणि रात्री जवळ बसलेली मी पट्टा आणखी थोडा आवळायचे. मला वाटायचं, मी तिची काळजी घेतेय.

तिसऱ्या दिवशी जेवणासाठी मास्क काढला तर नाकाच्या दांड्यावर काळा-निळा डाग. दुसऱ्या दिवशी तिथली कातडी सोलली.

"दुखता म्हूण सांगलें कित्याक ना?" मी विचारलं.

"तोंड खंय उक्तें आशिल्लें गो?"

वॉर्डात उत्तर मिळालं, मास्क लावला की असं होतंच. मला हे पटत नाही.

मराठीत अशा जखमेला आपण शय्याव्रण म्हणतो. शब्दातच बिछाना आहे, म्हणून आपण पाठ बघतो, टाचा बघतो; नाक कोण बघणार? इंग्रजीतही 'अल्सर' हा शब्द होता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळाने तो बदलून 'प्रेशर इंजरी' केला, कारण कातडी फाटण्याआधीच इजा सुरू झालेली असते. आपण सरळ 'दाबजखम' म्हणूया. नाकाच्या दांड्यावर कातडी पातळ आणि खाली लगेच हाड, त्यात मास्कच्या आतली वाफ आणि घाम. दाब सोसायला तिथे मांसच नाही.

डिचोलीच्या माझ्या मैत्रिणीचे बाबा झोपेत श्वास अडतो म्हणून घरी रोज रात्री मास्क लावतात. त्यांना चेहऱ्याचं माप घेऊन मास्क दिला. शामायला हाताशी होता तो लावला. योग्य माप, नाकावर आधीच हायड्रोकोलॉइडची पातळ पट्टी, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा थोडा वेळ मास्क काढून कातडी पुसणं आणि बघणं: यातलं काहीच फार महाग नाही. थोडी हवा सुटली तरी ही मशीनं बहुधा सांभाळून घेतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर! पट्ट्याला आपण हात लावू नये, सिस्टरला बोलवावं. आणि आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. ती जागा बोटाला गरम किंवा कडक लागते का, तेही बघायला सांगावं.

कोविडच्या वेळी डॉक्टर-नर्सांच्या चेहऱ्यांवरचे मास्कचे वळ आपण सगळ्यांनी शेअर केले होते. ते योग्यच होतं. पण त्याच वॉर्डांत दिवसचे दिवस मास्कखाली असलेल्या पेशंटांचे चेहरे कुणी पाहिले? मे २०२१ मध्ये गोमेकॉतल्या ऑक्सिजनचा प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला, तेव्हा जीव वाचणं हेच मोठं होतं, हे मान्य. आज तेवढी घाई नाही. वॉर्डात मराठी-कोंकणीत एक कागद लावायला काय हरकत आहे?

शामाय घरी आली, श्वास बरा आहे. पण चष्मा नेमका त्या जखमेवर बसायचा. तीन आठवडे तेर्सानंतरचं पुस्तक तिला मी वाचून दाखवत होते, आणि माझे उच्चार ती सुधारत होती.