झिंग्यांचं बीज घेताना आधी आई-बाप विचारा



भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडची मंडळी बर्डीवर माझ्या दुकानात येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास असतो: "सर, मामा तलाव ठेक्याने मिळतोय, झिंगे टाकू का?" टाका ना! पण सगळ्यात स्वस्त बीज शोधत असाल, तर माझं मत स्पष्ट आहे. तिथे पैसे वाचवू नका.

आधी धंदा समजून घ्या. गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी, म्हणजे स्कँपी, आपल्या तलावात वाढते. पण तिच्या अगदी लहान पिल्लांना निमखारं पाणी लागतं. त्यामुळे तलावात पुढची पिढी तयार होत नाही. बीज दरवेळी हॅचरीतूनच आणावं लागतं.

इथेच गोम आहे. एक मादी हजारो अंडी देते, म्हणून हॅचरीवाल्याचं काम मोजक्या माद्यांवरही भागतं. त्या माद्याही त्याच्याच जुन्या बीजातून वाढलेल्या असल्या, तर झाली ना भावा-बहिणींचीच पैदास! साधा हिशोब बघा. ५ नर आणि ५ माद्या वापरल्या, तर जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण दर पिढीला सुमारे ५ टक्क्यांनी वाढतं. ५०-५० वापरले, तर फक्त अर्ध्या टक्क्याने. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की वाढ मंदावते, मरतुक वाढते. हॅचरीवाल्याचा खर्च वाचला, पण नुकसान कोणाचं? खाद्य, मजुरी, ठेका भरणाऱ्या तुमचं.

मीही एकदा स्वस्तात स्कूलबॅगांचा माल उचलला होता. दोन महिन्यांत चेन तुटायला लागल्या. ग्राहक पुरवठादाराकडे गेला नाही, माझ्याच काउंटरवर आला.

चांगलं बीज शक्य आहे. भुवनेश्वरच्या सिफा संस्थेने २००७ पासून गुजरात, केरळ आणि ओडिशा इथल्या वेगवेगळ्या साठ्यांचा संकर करून निवड पैदास केली. त्यातूनच 'सिफा जीआय स्कँपी' हा सुधारित वाण आला.

आता पोषणाचं. "आमचे झिंगे जास्त पौष्टिक" असं पाकिटावर उगाच छापू नका. कच्च्या कोळंबीत १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, चरबी एक-दोन ग्रॅमच. त्या चरबीतलं ओमेगा-३ किती, हे बरंचसं खाद्यावर ठरतं. बीज चांगलं म्हणून ते आपोआप वाढत नाही. दावा करायचाच असेल, तर आधी प्रयोगशाळेत तपासणी करा.

तुम्ही म्हणाल, "आम्ही छोटे, आम्हाला कोण उत्तर देणार?" एकट्याला नाही देणार. म्हणून चार-पाच तलाववाले मिळून ऑर्डर द्या आणि तीन गोष्टी लेखी मागा:

१. नर-माद्या कुठून आणल्या?
२. या खेपेला किती नर, किती माद्या वापरल्या?
३. नवा साठा शेवटचा कधी आणला?

उत्तर टाळलं, तर दुसरी हॅचरी बघा. नाहीच मिळाली, तर या हंगामात झिंगे टाकू नका. एक हंगाम थांबल्याने धंदा बुडत नाही. कमजोर बीजावर कर्ज काढलं, तर मात्र बुडू शकतो.

तुम्ही बीज घेताना काय विचारता? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!