फाइलवरचं खोटं 'हिंगणा'

सबमिशनच्या आदल्या रात्री हर्बेरियमची फाइल कशी पूर्ण होते, हे बीएस्सीवाल्या दोस्तांना सांगायला नको. सीनियरचेच कागद, नवं कव्हर, आणि ठिकाणाच्या रकान्यात बिनधास्त 'हिंगणा'. मार्क मिळून जातात. पण त्या रकान्याची किंमत काय असते, हे एका रानमुगाकडून शिकावं.

२०१५ मध्ये सोलापूरच्या वालचंद महाविद्यालयातले प्रा. एस. पी. गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतली मूग-उडदाच्या गोतातली एक नवी जात जाहीर केली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव यांच्यावरून तिचं नाव ठेवलं, व्हिग्ना यादवी. वरून पाहिलं तर ओळखीच्या रानमुगासारखीच वेल. खरी गंमत मातीत. तिच्या काही फांद्या जमिनीत शिरतात, तिथे न उमलणारी फुलं येतात आणि तिथेच शेंगा धरतात. भुईमुगाचं फूल निदान वर तरी उमलतं! नुसता शेंडा खुडून कागदावर चिकटवला असता तर हे कळलंच नसतं.

नवी जात नुसती सापडून भागत नाही. जवळच्या जातींशी ताडून पाहायची, वर्णन छापायचं आणि ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो हर्बेरियममध्ये जपून ठेवायचा. २०११ संपेपर्यंत वर्णन लॅटिनमध्ये लागायचं, आता इंग्रजी चालतं.

आपल्या भागातले तूर, हरभरा, लाखोळी, बरबटी, तरोटा, पळस हे सगळे याच शेंगांच्या कुळातले. जगभरात या कुळाच्या सुमारे २० हजार जाती आहेत. हिंगण्याच्या पडीक जागेत नवीन जात उभीच आहे, असा आमचा दावा नाही. पण एन. आर. उगेमुगे यांनी १९८६ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या वनस्पतींची पुस्तकात नोंद केली. त्यानंतर एमआयडीसी पसरली, लेआउट पडले. त्यातलं काय उरलं, हे जाऊन पाहिल्याशिवाय कसं कळणार? आणि उद्या कुणी तुमची फाइल उघडली, तर खोटं 'हिंगणा' त्याला नसलेलं झाड दाखवेल.

कॉलेजांनी पन्नास कागदांचा हट्ट सोडावा. पाचच मागावेत, पण फूल, शेंग, मूळ, तारीख आणि नेमक्या जागेसकट. झाडं भरपूर असतील तरच एक उपटावं, नाहीतर फोटो पुरे. पावसाळा सरता सरता रानमुगाला शेंगा येतात. यंदा तेव्हाच सबमिशन ठेवा की!