भित्तिपत्रकावरचे अरण्य

चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांच्या लघुपटांची भित्तिपत्रके पाहताना काळोखे जंगल, बंदूक आणि वाघाचे डोळे हाच ठरीव सरंजाम पुनःपुन्हा समोर येतो, याचा मला मनस्वी खेद होतो.

संकेत त्याज्य नव्हेत. धानकापणीनंतर इथल्याच वडशाहून निघणाऱ्या ज्या झाडीपट्टी नाटकमंडळ्यांच्या कलेचा ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांच्या पद्मश्रीने (२०२३) सरकारदरबारी सन्मान झाला, त्या आपल्या रंगीत पत्रकांतून अश्रू, हास्य आणि लावणी यांचा प्रेक्षकांशी जणू करारच करतात आणि पहाटेपर्यंत तो इमानाने पाळतात.

पण भीती दाखवायला ठरीव खुणाच लागतात असे नाही. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ या विद्यार्थिदशेतील लघुपटात तर घरात आलेल्या पिठाच्या गिरणीची घरघरच भयावह होते. मग वाघाच्या वाटेवर, भल्या पहाटे, मोहफुले वेचायला वाकलेल्या बाईची अर्धी भरलेली टोपली आमच्या मुलांच्या भित्तिपत्रकावर का येऊ नये?