प्रल्हाद शिंदेंचा निम्माच आवाज का ऐकायचा?

लोकगायक प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. त्यांचा आवाज मात्र आमच्या घाटकोपरात अजून मुक्कामाला आहे. आषाढी एकादशीला मंडपातल्या भोंग्यावर तेच, १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही तेच. मधल्या दिवसांत रिक्षात असतातच.

तक्रार आहे ती त्यांच्या 'सुपरहिट' संग्रहांबद्दल. कॅसेटपासून मोबाईलपर्यंत माझ्या हाती जे संग्रह आले, त्यांत विठ्ठलाची गाणी एका खोक्यात आणि भीमगीतं दुसऱ्या. कव्वाली शोधावी लागते. दुकानदाराला ही वाटणी सोयीची असेल, पण गळा एकच होता ना?

त्यांचं सर्वांत गाजलेलं 'पाऊले चालती' पुन्हा ऐका. दत्ता पाटलांचे शब्द, मधुकर पाठकांची चाल. शब्द न् शब्द सुटा, कुठे नाजूक मुरकी दाखवण्याचा सोस नाही. शेवटच्या रांगेत उकिडव्या बसलेल्या माणसापर्यंत ओळ पोचली पाहिजे, ही सवय उघड्या मंचावरची. मला त्यात कव्वालाची तालीम ऐकू येते. कव्वालही ओळ उचलतो, कोरसच्या हाती देतो, परत घेतो आणि दर वेळी थोडी अधिक धार लावतो.

१९५८ च्या 'अल हिलाल' सिनेमातून इस्माईल आझादांची कव्वाली देशभर गाजली. मुंबईच्या चाळींत, मैदानांत कव्वालीचे मुकाबले रात्र रात्र रंगत. हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्यांच्या त्याच साच्यात बाबासाहेबांचा विचार गाणारेही उभे राहिले. कव्वाली दर्ग्यातून निघून बुद्धविहारासमोर पोचली, तेव्हा तिला कुणी जात-धर्म विचारला नाही. आता आपण तो यादी बनवताना विचारतो.

माझ्या मुस्लिम वाचकांनाही हे सांगायचं आहे. कव्वाली आपली आणि भक्तिगीतं त्यांची, असं म्हणून आपणही ही वाटणी मान्य करतो. मी विठ्ठलापुढे हात जोडत नाही. तरीही शिंदे देवाला जाब विचारल्यासारखे गातात, तेव्हा मला अंतर जाणवत नाही. दिवसभर राबून रिकाम्या हातांनी परतणाऱ्या माणसाचा तो सूर आहे. तो माणूस रमाबाई नगरात राहतो, तसा चिराग नगरातही राहतो. हा आवाज टिकला तो त्यामुळे.

म्हणून त्यांचा एक खरा संग्रह हवा. भक्तिगीत, भीमगीत आणि कव्वाली एकापाठोपाठ. प्रत्येक गाण्यासोबत कवी, संगीतकार, ढोलकीवाला, कोरसवाले यांची नावं आणि ध्वनिमुद्रणाचं साल. आनंद, मिलिंद ही मुलं आणि पुढे नातवंडं गाण्यातच आहेत, तोवर जुन्या कॅसेटी आणि आठवणी गोळा करणं सोपं आहे. कॅसेटच्या फितीला बुरशी लागते, आणि ती खोक्यावरचं नाव वाचून लागत नाही.