तेरड्याला योजना नको, दिवाळीपर्यंत सवड द्या

पोस्ट लांब आहे, पण गौरी यायच्या आत हे बोलायलाच हवं.

कुणाचा उत्साह टिकत नसेल तर आपण म्हणतो, "तेरड्याचा रंग तीन दिवस." माझं स्पष्ट मत आहे, ही म्हण आता तेरड्याकडून काढून आपल्या पर्यावरणप्रेमाला लावावी. 5 जूनला रोप, फोटो, भाषण. आणि ऑगस्टमध्ये त्याच रस्त्याच्या कडेला तणनाशकाचा पंप!

निडी, नागोठणे, रोहा, पेण या आपल्या पट्ट्यात पाऊस स्थिरावला की बांधावर, दरडीवर, रुळांच्या कडेला तेरडा न लावता उगवतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हाच तेरडा म्हणजे गौर. मुळासकट आणायचा, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. आणि आता? आता गौरीच्या आदल्या दिवशी बाजारात जुडीचा भाव विचारतो आपण. माहेरवाशीण विकत आणायची वेळ आली, तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही.

"तण आहे ते, पुन्हा येईल," असं सांगितलं जातं. नाही येणार. का ते नीट समजून घ्या.

तेरड्याचं बी वाऱ्याने उडत नाही, गुरांच्या अंगाला चिकटून जात नाही. त्याचं बोंड पिकलं की आतून ताणलेलं असतं. जरा धक्का लागला की सालीच्या पाच पाकळ्या क्षणात आत वळतात आणि बी उडवतात. लहानपणी ती बोंडं हातात फोडली नाहीत असा माणूस आपल्याकडे विरळाच. पण ही झेप काही फुटांचीच. म्हणजे पुढच्या वर्षीचा तेरडा यंदाच्या तेरड्याच्या पायाशीच उगवणार. झाड एका पावसाळ्याचं. बोंड पिकण्याआधी अख्खा उतार जाळलात किंवा जेसीबीने खरवडलात, तर पलीकडच्या गावातून बी उडत येणार नाही.

उडत कोण येतं? रानमोडी. अमेरिकेतून आलेलं हे झुडूप. त्याच्या बियांना केसांचा झुबका असतो, वाऱ्यावर लांब जातात. तुम्ही "स्वच्छ" केलेली मोकळी जमीन म्हणजे त्याला आयतं आवताण. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. म्हणजे आपल्याच पैशाने आपण गौर घालवतो आणि रानमोडी वसवतो.

राज्यात 2016 ला 2 कोटी, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी झाडं लावायची घोषणा झाली. झाडं लावायला माझा विरोध नाही. पण जे स्वतः उगवतं, स्वतःचं बी स्वतः फेकतं, ज्याला खड्डा, टँकर, ठेकेदार काही लागत नाही, त्याच्यासाठी सरकारी कागदावर एक ओळ नाही. बिल निघत नाही ना त्याचं! एकीकडे कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, दुसरीकडे टाकळा-कुर्डू उगवतो त्याच कडेवर फवारणी. केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढली, की ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावं. आपल्याकडे पाठीला पंप लावला की झाला व्यावसायिक.

आता दोन प्रश्न येणार, उत्तरं आधीच देतो.

पहिला, सापाचं काय? पायवाट, शाळा, अंगणवाडी, घराची कड जरूर साफ करा. कोयत्याने करा. त्यासाठी माणूसभर उंच दरडीवर औषध मारायची गरज नाही.

दुसरा, गौरीसाठी आपणही उपटतोच की? उपटतो. पण हजार झाडांतली पाच उपटली तर उरलेली बी टाकतात. जिथे पाच-दहाच उरलीत, तिथली मात्र हात न लावता सोडा.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. मजूर मिळत नाही, बांध बेणायला दिवस जातात, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणणं सार्वजनिक जागेपुरतं आहे. रस्त्याची कड, तळ्याचा काठ, गावठाण, स्मशानाची वाट. ही जागा तुमची-माझी आहे आणि तिथल्या औषधाचे पैसेही तुमचे-माझे.

म्हणून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभे राहा. तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या. सार्वजनिक जागेत तणनाशक बंद. कडेची कापणी करायची ती दिवाळीनंतर, बोंडं फुटून झाल्यावर. आणि रस्त्याच्या कामात ठेकेदाराने गरजेपेक्षा जास्त दरड खरवडली तर त्याला जाब.

खर्च शून्य रुपये. उलट औषधाचे पैसे वाचतील.

सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, सगळे या यादीत आहात. पटत नसेल तर कमेंटमध्ये खुशाल भांडा, मी उत्तर देईन. पटत असेल तर नुसता लाइक नको, ग्रामसभेला या.